नाही म्हणता येतंय तोवर विचारा

चि. मृण्मयी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या स्टुडिओत दिवंगत नटांना पडद्यावर नव्याने उभं करण्याचं काम येतंय आणि त्या टीममध्ये तुझं नाव आहे, हे ताईकडून कळलं. ‘मावशीला विचार, हे बरोबर आहे का’ हा तुझा निरोपही पोचला. फोनवर हो-नाही म्हणून मोकळं होण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी हयात संकलनाच्या टेबलावर गेली. एकाच वाक्याचे पाच-सहा टेक समोर असायचे. एका टेकमध्ये नटी ‘ये’ म्हणण्याआधी किंचित थांबलेली असायची, दुसऱ्यात दाराकडे न बघताच म्हणून टाकायची. पटकथेत यातलं काहीच लिहिलेलं नसे. ते तिचं तिने ठरवलेलं असे. अभिनय म्हणजे मला तरी हेच वाटत आलंय, क्षणाक्षणाला घेतलेले असे निर्णय. आम्ही त्यातून निवडायचो, कापायचो, कधी नटाला न आवडेल असंही कापायचो. पण निवडायला जे हाती असे, ते त्यानेच दिलेलं असे.

आता पीटर कुशिंगचं बघ. 1977च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये त्याने टार्किन हा करारी अधिकारी केला. 1994मध्ये तो वारला आणि 2016च्या ‘रोग वन’मध्ये पुन्हा टार्किन म्हणून दिसला. सेटवर काम केलं गाय हेन्री या नटाने. त्याच्या चेहऱ्याच्या हालचाली टिपून त्यावर कुशिंगचा चेहरा बसवला. त्यासाठी 1984च्या ‘टॉप सीक्रेट!’ या चित्रपटाच्या वेळी घेतलेला कुशिंगच्या चेहऱ्याचा साचा शोधून काढला. ‘आ’ म्हणताना कुशिंगचा वरचा ओठ हलत नसे, एवढं बारीक निरीक्षण त्या मंडळींनी केलं होतं. त्यांच्या मेहनतीला मी मनापासून नमस्कार करते. पण मूळ चित्रीकरणाची एक गोष्ट कुशिंग स्वतः सांगत असे. टार्किनचे बूट त्याला इतके घट्ट झाले होते की त्याने दिग्दर्शक जॉर्ज लुकासची परवानगी काढली आणि घरातल्या मऊ सपाता घालून काम केलं. कॅमेरा शक्यतो गुडघ्यांच्या वर ठेवला गेला. पडद्यावरचा तो थंड, क्रूर टार्किन सपाता घालून उभा आहे! हा त्या माणसाचा त्या दिवसाचा निर्णय. 2016च्या टार्किनला बूट कधी चावणारच नाहीत, आणि ‘हे मला नको’ असं म्हणण्याची वेळही त्याच्यावर येणार नाही.

मला खुपतं ते इथे. चेहरा हुबेहूब झाला की नाही, हा तुमच्या कसबाचा प्रश्न आहे आणि तो आज ना उद्या सुटेल. पण नटाची कारकीर्द जितकी त्याने केलेल्या भूमिकांनी घडते, तितकीच नाकारलेल्या भूमिकांनीही घडते. जेम्स डीन 1955मध्ये चोविसाव्या वर्षी अपघातात गेला. त्याला व्हिएतनाम युद्धावरच्या एका चित्रपटात घ्यायचं 2019मध्ये जाहीर झालं, त्यावर बरीच टीकाही झाली. ती भूमिका त्याने स्वीकारली असती की फेटाळली असती, हे त्याच्यावतीने कोण सांगणार?

‘घरच्यांची परवानगी आहे ना’, असं तुला सांगितलं जाईल. 2024च्या ‘गोट’ या तमिळ चित्रपटात विजयकांत दिसले, ते त्यांच्या पत्नीच्या संमतीने. ‘एलियन: रोम्युलस’मध्ये इयन होम दिसला, तेही कुटुंबाच्या संमतीने. संमती हवीच, तिच्यावाचून तर कामाला हात लावू नकोस. मात्र पत्नीला नवऱ्याचं मन कितीही कळत असलं, तरी त्याची भूमिका ती निवडत नव्हती. आणि आपल्याकडे कायद्याचा आधारही तोकडा आहे. सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 2023मध्ये म्हटलं, की व्यक्तिमत्त्वाचे आणि प्रसिद्धीचे हक्क माणसाबरोबरच संपतात, ते वारसांकडे जात नाहीत. कॅलिफोर्नियात ते मृत्यूनंतर 70 वर्षं टिकतात, आणि 2024मध्ये तिथे डिजिटल प्रतिकृतीसाठी वेगळा कायदाही झाला.

म्हणून सगळंच वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. पॉल वॉकर 2013मध्ये गेला तेव्हा ‘फ्युरियस 7’चं चित्रीकरण अर्ध्यावर होतं. त्याच्या भावांनी त्याच्या जागी उभं राहून काम केलं, त्यांच्यावर त्याचा चेहरा आला आणि चित्रपट पुरा झाला. ही भूमिका त्याने स्वतः पत्करलेली होती. हाती घेतलेलं काम त्याच्या माणसांनी तडीस नेलं. याहून वेगळी वाटही आहे. फिलिप सेमूर हॉफमन 2014मध्ये गेला तेव्हा ‘हंगर गेम्स’मधलं त्याचं थोडंच काम उरलं होतं. दिग्दर्शक फ्रान्सिस लॉरेन्सने त्याला संगणकावर घडवायचं नाकारलं. शेवटचा महत्त्वाचा प्रसंग बदलून त्याच्या पात्राने लिहिलेलं पत्र दुसऱ्या नटाने वाचावं, असं केलं. प्रसंग उभा राहिला, आणि न दिलेला अभिनय कुणी हॉफमनच्या नावावर खपवला नाही.

आता आपल्या घरातलं. ‘झपाटलेला 3’च्या निमित्ताने लक्ष्मीकांत बेर्डे यांना पडद्यावर परत आणण्याची चर्चा झाली. लक्ष्या पुन्हा दिसावा असं कुणाला वाटणार नाही? मला तर फार वाटतं. पण ‘अशी ही बनवाबनवी’ पुन्हा लाव आणि फक्त त्याच्याकडे बघ. अशोक सराफांचं वाक्य संपायच्या आत त्याच्या चेहऱ्यावर पुढची गडबड सुरू झालेली असते. त्याचा विनोद समोरच्या माणसावर पेटायचा. ‘झपाटलेला’त त्याने शब्दभ्रमकार केला होता. रामदास पाध्यांच्या बोलक्या बाहुल्यांचा खेळ तू लहानपणी पाहिलायस. बाहुली कितीही बोलकी असली, तरी तिला बोलवणारा माणूस शेजारीच असतो आणि टाळ्या त्याला मिळतात. नव्या प्रकारात गाय हेन्रीसारखा जिवंत नट राबतो, आणि प्रेक्षकांना आठवतो तो कुशिंग. हाही अन्यायच आहे, पोरी.

तेव्हा माझं मत असं. नटाने स्वतः पत्करलेलं काम पुरं करायचं असेल तर आनंदाने कर. चेहऱ्यामागे राबलेल्या नटाचं नाव ठळक यावं म्हणून आग्रह धर. दिवंगत नटाला कधी विचारलीच नव्हती अशी नवी भूमिका त्याच्या गळ्यात घालायची असेल, तर तुझं नाव काढून घे. बोलणी खावी लागतील, कदाचित बढतीही हुकेल. माझा तुला पूर्ण पाठिंबा आहे.

आणि एक काम आजपासून करण्यासारखं आहे. तुमच्याकडे हयात नटांचे चेहरे स्कॅन होतात. प्रत्येकाला तेव्हाच विचारा, ‘तुमच्या पश्चात याचं काय करायचं?’, आणि उत्तर सहीनिशी घ्या. रॉबिन विल्यम्सने मरणापूर्वीच लिहून ठेवलं होतं, की आपली छबी मृत्यूनंतर 25 वर्षं वापरू नये. म्हणजे 2039पर्यंत तो प्रश्न मिटला. हा कागद करारात यावा म्हणून तू पुढाकार घे. तुमच्या खुर्चीत बसलेला माणूस ‘नाही’ म्हणू शकतो, तोवरच त्याला विचारण्यात अर्थ आहे.

ताईला नमस्कार सांग. काय ठरवलंस ते कळव.

तुझी,
मावशी