माहेरासकट वंशावळ

घाटघरच्या पठारावरून नाणेघाट कोकणात उतरतो. घाटाच्या तोंडाशी एक लेणं आहे. त्याच्या मागच्या भिंतीत एका घराण्याच्या मूर्ती ओळीने कोरल्या होत्या. मूर्ती केव्हाच फुटल्या. पावलांसारखे थोडे अवशेष उरले, पण वरची ब्राह्मी अक्षरं टिकली: राजा सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भायल, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. कर्नल साइक्सने १८२८ मध्ये या लेण्याची दखल घेतली. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी लेख बारकाईने वाचला आणि सातवाहनांचा इतिहास उभा राहायला तिथून मोठा आधार मिळाला. बहुतेक अभ्यासक हा लेख इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात.

कल्याण, सोपाऱ्याहून जुन्नरकडे आणि पुढे पैठणकडे जाणारा माल ज्या वाटेने चढायचा, तिच्यावर नागनिका राणीने आपलं घराणं मांडलं. त्या रांगेत सासरच्या माणसांबरोबर त्रणकयिरही उभा होता. तो नागनिकेचा पिता, असं अभ्यासक मानतात. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वंशावळींपैकी एकीत माहेराला जागा आहे. घाटघर आणि कुकडी खोऱ्यातल्या वाड्यांमधून घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवण्याचं काम मी करतो. त्या कामात माझ्यापुढे कायम हीच रांग असते.

इथली वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. पावसाचा मारा, उताराची जमीन, एका अंगाला कोकणचा कडा आणि दुसऱ्या अंगाला जीवधन किल्ला. अशा जागी ज्यांनी पहिली घरं बांधली, त्यांच्या कथा कुठल्या बखरीत सापडत नाहीत, त्या शेतात सापडतात. म्हणून मी कुणाला ‘तुमचा मूळपुरुष कोण’ असं एकदम विचारत नाही. खाचरांची नावं विचारतो. इथे भाताच्या खाचराला नाव असतं आणि त्या नावात पुष्कळदा ते खाचर पाडणारा माणूस असतो. उतार फोडायचा, दगडी बांध घालायचा, माती अडवायची, हे काम एकट्याचं नव्हे. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात या सामूहिक कामाला पडकई म्हणतात. पहिला बांध कुणी घातला, हाताला कोण कोण होतं, हे विचारलं की भाऊबंद, मेव्हणे, जावई आपोआप बोलण्यात येतात. नात्यांचा पहिला नकाशा असा बांधावरून मिळतो.

साल विचारून उपयोग नसतो, प्रसंग विचारावा लागतो. १९१८ च्या मानमोडीच्या साथीत कोण गेलं, १९७२ च्या दुष्काळात कोण खडी फोडायला होतं, गांधीजी गेले तेव्हा आजी सासरी आली होती का? काही घरांत होन्या केंगल्याच्या बंडापर्यंत आठवण पोचते. तो आंबेगावकडच्या जांभोरीचा. १८७६ मध्ये इंग्रजांनी त्याला पकडलं. ‘आमचा पणजा बंडाच्या वेळी रांगता होता’ एवढं वाक्य मिळालं, तरी एक पिढी जागेवर बसते.

खरा गुंता नावांचा असतो. आज्याचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्याने लक्ष्मण सोमा, सोमा लक्ष्मण, पुन्हा लक्ष्मण सोमा अशी साखळी तयार होते. कागदावरचा लक्ष्मण सोमा आजा की नातू, हे नावावरून कळत नाही. तेव्हा मी बायकोचं नाव आणि तिचं माहेर विचारतो. एकाची बायको घाटाखालच्या वैशाखऱ्याची निघते, दुसऱ्याची निमगिरीकडची. तेवढ्यावर दोन माणसं वेगळी होतात. माहेर लिहिल्याशिवाय पुरुषांची वंशावळसुद्धा नीट लागत नाही, हा माझा या कामातला सर्वांत पक्का अनुभव आहे.

कागदांत मात्र माहेर नसतं. गाव नमुना १४ मधल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी मोडीत आहेत आणि त्यात नाव येतं ते बापाचं. शाळेच्या रजिस्टरातही तेच. बायका भेटतात त्या वारसाच्या फेरफारात. माणूस मयत झाला की विधवेचं नाव लागतं, मुलांबरोबर मुलींचीही लागतात. मग हक्कसोड होते आणि मुली कागदावरून निघून जातात. म्हणून मी नुसता आजचा सातबारा बघत नाही, एकेक करत मागचे फेरफार काढतो. त्या दोन नोंदींच्या मधल्या काळातच एखादी आत्या नावानिशी सापडते.

आज गावात वंशावळ काढली जाते ती बहुतेक जातपडताळणीसाठी. अनुसूचित जमातींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा. त्याआधीची नोंद वडिलांकडच्या रक्तनात्यात दाखवता आली, तर पोराचं शिक्षण आणि नोकरी मार्गी लागते. त्या कागदाचं मोल मी कमी मानत नाही. एका जुन्या दाखल्यावर घराचं नशीब पालटताना मी पाहिलं आहे. पण प्रतिज्ञापत्रावरची ती वंशावळ बाप, आजा, पणजा अशी सरळ वर चढते. दाखला मिळाला की तीच घराण्याची पूर्ण कथा म्हणून राहते आणि निम्मं घराणं बाहेर पडतं.

महादेव कोळ्यांची कुळरचना पाहिली की हे नुकसान किती मोठं, ते कळतं. कॅप्टन मॅकिंटॉशने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या समाजाबद्दल सविस्तर लिहिलं, त्यात २४ मुख्य कुळं आणि त्यांच्या अनेक शाखा नोंदल्या. पुढे निमगिरीच्याच डॉ. गोविंद गारे यांनी हा समाज आतून अभ्यासला. एका कुळात सोयरीक होत नाही. म्हणजे प्रत्येक घरात येणारी सून दुसरं कुळ आणि दुसऱ्या गावची हकिकत घेऊन येते. ‘मपलं माहेर घाटाखालचं’ असं सांगणाऱ्या आजीजवळ कोकणातल्या बाजाराची, मीठ आणि सुकट डोक्यावर घेऊन घाट चढण्याची आठवण असते. पुणे जिल्ह्यातून सुरुवात करून हेमा राईरकर आणि गी प्वाटवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. भाऊ, माहेर, वाट यांची केवढी नोंद बायकांच्या तोंडी होती, ते त्या संग्रहातून दिसतं.

या कामाला काही पथ्यं आहेत. पाटाची बायको असेल तर तिचंही नाव लिहायचं, पण घरच्यांना विचारून. जमिनीच्या भांडणात आपली वही पुरावा म्हणून जाऊ द्यायची नाही. ऐकीव कथा आणि कागदावरची नोंद वेगवेगळ्या रकान्यांत ठेवायची, म्हणजे पुढच्याला पारखून घेता येतं. लिहिलेलं घरात मोठ्याने वाचून दाखवायचं आणि त्याची प्रत त्या घरातच ठेवायची.

हे काम शिकायला पदवी लागत नाही. पोटासाठी नारायणगावला, पुण्याला, मुंबईला गेलेली पोरं सणाला घरी येतात, तेव्हा प्रत्येकाने एक वही काढावी आणि आधी आजीजवळ बसावं. तिचं नाव, तिच्या आईचं नाव, दोघींची माहेरं आणि कुळं लिहावीत. मग बापाकडची बाजू लिहावी. कागद कचेरीत पुष्कळ काळ थांबतील, आजी तेवढी थांबणार नाही.