पाला काढायचा की पक्षी मोजायचे

कुठे राहतोस, असं ऑफिसात कुणी विचारलं की मी ‘कल्याण’ म्हणतो. हाच प्रश्न कल्याणातल्या माणसाने विचारला तर ‘मोहने’ म्हणतो, आणि त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘म्हणजे आंबिवलीकडे ना?’ हो, आंबिवलीकडेच. कसाऱ्याच्या लाइनवर कल्याणानंतर शहाड, मग आंबिवली. महापालिका कल्याण-डोंबिवलीची आहे, पण सकाळी गल्लीत म्हशी असतात. गावठाणातली आगरी घरं आहेत, कारखान्याच्या काळातल्या चाळी आहेत, नव्या सात मजली इमारती आहेत. या सगळ्यांच्या पाठीशी उल्हास नदी आहे. मोहन्याला गाव म्हणावं की शहर, या वादात मी पडत नाही. बिबट्या आला तर शहर आणि पाणी गेलं तर गाव, असं इथे सोयीने म्हटलं जातं.

नदीबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांना सांगावी लागते. सह्याद्रीतून पश्चिमेला उतरणाऱ्या बहुतेक नद्या होळीनंतर डबक्यांच्या रांगा होतात. उल्हास मे महिन्यातही वाहते. कारण घाटावरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी भिवपुरीच्या टाटांच्या वीजकेंद्रात वीज करून खाली या नदीत सोडलं जातं. हे 1922 पासून चालू आहे. शिवाय खाली बारवी धरणाचं पाणी येऊन मिळतं. म्हणजे आपण जिला बारमाही नदी म्हणतो तिचं उन्हाळ्यातलं पाणी मुळात पुण्याच्या बाजूला वाहून जाणारं पाणी आहे. बदलापूरपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत लाखो लोक याच नदीचं पाणी पितात. मोहन्याच्या बंधाऱ्यापाशी पाणी अडतं, संथ होतं आणि तिथूनच उचललं जातं.

संथ पाणी, बारा महिने पाणी, आणि वरच्या शहरांतून येणारं सांडपाणी. जलपर्णीला याहून चांगलं घर सापडणार नाही. उल्हासनगरचा खेमाणी नाला असो की आणखी वरचे नाले, नायट्रेट आणि फॉस्फेट मुबलक. ‘वनशक्ती’ या संस्थेने या नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न हरित लवादाकडे नेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. जलपर्णी मूळची ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. जांभळ्या फुलांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी कुणीतरी हौसेने बंगालमध्ये आणली आणि थोड्याच वर्षांत तिथले लोक तिला ‘टेरर ऑफ बेंगॉल’ म्हणायला लागले. अनुकूल हवापाणी मिळालं तर दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. आमच्याकडे जानेवारीत काठाला हिरवी किनार दिसते. मार्चअखेर पलीकडच्या काठापर्यंत हिरवळ होते. नवखा माणूस त्याला मैदान समजेल. कुत्री समजतातच, आणि मग भिजून वर येतात.

गावात तिला जलपर्णी कुणी म्हणत नाही. ‘पाला’ म्हणतात. मासे धरणारे एक काका आहेत, वय सत्तरीच्या घरात. त्यांचं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो, ‘नदीला आता पानी नाय बाला, पालाच हाय.’ त्यांचं जाळं पाल्यात अडकून फाटतं, होडी पुढे सरकत नाही, आणि खाली ऑक्सिजन कमी झाल्यावर जाळ्यात येते ती फक्त चिलापी. मरळ, शिवडा, वांब ही नावं ते आता नातेवाइकांची घ्यावीत तशी घेतात.

तर फेब्रुवारी ते मे दर रविवारी आम्ही दहा-पंधरा जण हा पाला काढतो. संस्था वगैरे नाही, एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सकाळी साडेसहाला यायचं, नऊला ऊन चढलं की थांबायचं. काम अगदी साधं आणि अत्यंत कंटाळवाणं आहे. दोन होड्या, मध्ये दोर, दोराने पाल्याचा तराफा वेढायचा आणि काठाकडे ओढत आणायचा. काठावर उभ्या असलेल्यांनी बांबूला बांधलेल्या आकड्यांनी तो वर घ्यायचा. जलपर्णीच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, त्यामुळे आपण मुख्यतः पाणीच उचलत असतो. तीन तास राबून काठावर जो ढीग होतो तो चार दिवसांत वाळून कमरेइतका उरतो आणि मग आपण नक्की काय केलं असा प्रश्न पडतो. मुळांत दिवड सापडते. बिनविषारी, पण चावरी. पहिल्या वर्षी ती निघाली की ग्रुप पांगायचा. आता कुणीतरी शांतपणे ‘दिवड’ एवढंच म्हणतं आणि आकडी जरा बाजूला घेतं.

फवारणी करून मोकळे व्हा, असा सल्ला देणारे दर महिन्याला एक तरी भेटतात. औषधाने पाला मरतो, पण मेलेला पाला तळाशी जाऊन कुजतो, उरलासुरला ऑक्सिजन खातो, आणि त्यातलं खत पुन्हा पाण्यातच राहतं. वर हे पिण्याचं पाणी. भुंग्यांचा उपाय खरा आहे. 1980च्या दशकात बंगळूरच्या संशोधकांनी मूळचे दक्षिण अमेरिकेतले निओकेटिना जातीचे सोंडकिडे आणून भारतात सोडले, ते फक्त जलपर्णी खातात. पण ते सावकाश खातात, आणि आमचा पाला दर पावसाळ्यात पुराबरोबर खाडीत जातो, किड्यांसकट. तेव्हा दोर आणि आकडी.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. अडचण अशी की मी पक्षी मोजतो.

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षापासून मी ईबर्डवर याद्या टाकतो आहे. फेब्रुवारीतल्या बॅकयार्ड बर्ड काउंटला सुरुवात झाली आणि मग सवय लागली. बंधाऱ्याच्या वरचा अर्ध्या किलोमीटरचा काठ हा माझा ठरलेला पट्टा. आणि या पट्ट्यातले सगळ्यात चांगले दिवस पाला दाट असतानाचे असतात, हे माझ्याच याद्या सांगतात. जांभळ्या पाणकोंबड्या पाल्यात उभ्या राहून देठ सोलून खातात, एका पायाने देठ धरून, माणसाने ऊस धरावा तसा. कमळपक्षी लांब बोटं पसरून त्या गाद्यांवरून चालत जातात. वंचक तर पाल्याचाच तुकडा वाटतो, उडाला की पांढरा होतो. हिवाळ्यात वरून दलदल भोवत्या घिरट्या घालतो आणि त्याची सावली पडली की सगळं चिडीचूप. पाला काढला की दुसऱ्या रविवारी उरतात चार पाणकावळे आणि एखादा खंड्या. मोकळं पाणी दिसायला छान असतं. माझी यादी मात्र सात-आठ नावांवर येते.

म्हणजे रविवारी सकाळी मी ज्यांचं घर ओढून काठावर टाकतो त्यांनाच संध्याकाळी दुर्बिणीतून शोधत बसतो. ग्रुपमध्ये यावरून माझी भरपूर थट्टा झाली आहे. ‘सर, आज किती कुटुंबं विस्थापित केली?’ असं एक मुलगा नियमाने विचारतो. तो स्वतः कारखान्याच्या जुन्या वसाहतीत वाढला आहे, त्यामुळे मी उलट बोलत नाही.

या वादात आमच्या गच्चीवरच्या डब्याचा संबंध असा आला. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षीप्रयोगशाळा आणि जर्मनीतलं केमनिट्झचं तंत्रविद्यापीठ यांनी मिळून बर्डनेट नावाचा प्रोग्राम बनवला आहे. तो ध्वनिमुद्रणाचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे करतो आणि प्रत्येकात कोणता पक्षी असावा याचा अंदाज देतो, सोबत खात्रीचा आकडा, शून्य ते एक. हा प्रोग्राम रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावर चालतो. आईचा एक जुना टपरवेअरचा डबा घेतला, त्याला खालून भोक पाडून मायक्रोफोन बसवला, नदीकडे तोंड करून पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बांधला. लिहायचा होता तो कोड दोन रात्रींत झाला. पावसात मायक्रोफोन कोरडा ठेवायला दोन महिने गेले. सॉफ्टवेअरवाल्यांनी एकदा तरी पत्रा, सिलिकॉन आणि मुंग्या यांच्याशी काम करून पाहावं, स्वभाव सुधारतो.

यंत्र चुकतंही. शेजारच्या रिक्षाच्या रिव्हर्स हॉर्नला ते महिनाभर वेगवेगळ्या पक्ष्यांची नावं देत होतं. कुकरच्या शिट्टीवरही त्याचं एक मत आहे. म्हणून अमुक खात्रीच्या खालचं सगळं मी टाकून देतो आणि नव्या नावाचं ध्वनिमुद्रण स्वतः ऐकल्याशिवाय धरत नाही. पण नेहमीच्या, मोठ्याने ओरडणाऱ्या पक्ष्यांसाठी ते भरवशाचं आहे, आणि मुख्य म्हणजे मी लोकलमध्ये लटकत असतो तेव्हा ते ऐकत असतं.

रात्रीचंही ऐकतं. एका डिसेंबरात पहाटे तीनच्या सुमारास लांबून एक कोरस आला. बाबा म्हणाले कुत्री. मी ते काकांना फोनवर ऐकवलं. त्यांनी पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. ‘कोल्हं,’ म्हणाले, आणि लहानपणी ती आवाजं कुठून कुठून यायची ते हाताने दाखवलं. त्यांनी दाखवलेल्या चार जागांपैकी तीन जागी आता इमारती आहेत.

घुबडांचंही तसंच. मोहन्याचा कारखाना म्हणजे एनआरसी, नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन. रेयॉन करायला पाणी अमाप लागतं, म्हणून तो नदीकाठी आला, तसाच शहाडचा सेंच्युरी रेयॉनही. एनआरसी 2009 साली बंद पडली. कामगारांच्या देण्यांचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षं चालला, त्यावर लिहायचा अधिकार त्या घरांतल्या लोकांचा आहे. बंद आवारात मधल्या काळात झाडं वाढली, वेली चढल्या. माझ्या डब्याला त्या बाजूने गव्हाणी घुबडाचा खरखरीत चीत्कार ऐकू येतो. ही नोंद मी कुठेच नेमक्या जागेसह टाकत नाही. दिवाळीच्या सुमारास भारतात घुबडांचा चोरटा व्यापार वाढतो, ‘ट्रॅफिक’ या संस्थेने 2010मध्ये त्यावर अहवालच काढला होता. आंबिवली स्टेशनपासून चालत येण्याच्या अंतरावर घुबड आहे, हे इंटरनेटला कळायची काही गरज नाही. इथे लिहितानाही ‘त्या बाजूने’ यापेक्षा जास्त सांगणार नाही.

तर पाल्याचा वाद. डब्याच्या नोंदींचा आलेख काढला तेव्हा एक गोष्ट स्पष्ट दिसली. पांढऱ्या छातीची पाणकोंबडी, जी एरवी गप्प असते, ती मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जी सुरू होते ती पावसाळाभर रात्रंदिवस ‘कुवाक कुवाक’ करते. हा विणीचा आवाज. कमळपक्षीही पावसाळ्यातच घरटी करतात, तरंगत्या पानांवर, आणि अंडी उबवण्याचं काम तिथे नराकडे असतं. मादी एका हंगामात अनेक नरांशी जोड्या जमवून पुढे जाते. याचा अर्थ फेब्रुवारी ते मेच्या मध्यापर्यंत आपण काढतो तो पाला राहण्याचा आणि खाण्याचा असतो, पाळण्याचा नसतो. मी ग्रुपवर मांडलं की 15 मेनंतर आकडी बंद, आणि पलीकडच्या काठाचा एक पट्टा कधीच काढायचा नाही.

पहिलं मान्य झालं, उन्हामुळे मेअखेर कुणी येतच नाही. दुसऱ्यावर भांडण झालं. एकाने विचारलं, पक्षी उडून दुसरीकडे जातील, पाणी कुठे जाईल? त्याच्या घरी नळाला वास येतो, त्याचं चूक नव्हतं. दुसरा म्हणाला, पट्टा ठेवला तर तेच बियाणं, महिनाभरात परत सगळी नदी. तेही खरं. जलपर्णीचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं, आणि पट्टा ठेवला नाही तरी वरून येतंच, हे माझं उत्तर. ते फार चालेना.

मग काका बोलले. ते ग्रुपवर नाहीत, काठावर बसले होते. पाला नव्हता तेव्हा कोंबड्या नव्हत्या काय, असं त्यांनी विचारलं. होत्या. कुठे राहायच्या? पाणकणसात. आणि डबक्यांतल्या कमळांवर ते लांब बोटांचे. पलीकडच्या काठाला पाणकणसाची एक पट्टी अजून उभी आहे, पाल्याने तिचा गळा धरला आहे. त्यांचं म्हणणं, पाला सगळा काढा, पण पाणकणसात आकडी घालू नका, आणि तिच्यातला पाला होडीतून हाताने काढा.

मी तीन वर्षं या पट्ट्याच्या याद्या करत होतो आणि पाणकणीस माझ्या लेखी ‘काठाची वनस्पती’ होती. बर्डनेटला वनस्पती ऐकू येत नाहीत.

हाताने काढणं म्हणजे आकडीच्या दहापट वेळ. त्या उन्हाळ्यात आमचे पाच रविवार तेवढ्या पट्टीत गेले, बाकीची नदी हिरवीच राहिली आणि ग्रुपमधले चौघे वैतागून यायचे बंद झाले. त्यातला एक अजून भेटला की ‘तुमची बाग कशी आहे?’ विचारतो. जुलैत पूर आला आणि नदीने एका रात्रीत आमच्या चार महिन्यांच्या कामापेक्षा जास्त पाला खाडीत नेला. पाणी उतरल्यावर पाणकणसं गाळाने माखून आडवी पडली होती. ऑगस्टमध्ये ती पुन्हा उभी राहिली.

सप्टेंबरच्या एका रविवारी काकांच्या होडीतून पट्टीच्या जवळून गेलो. आतून एक पाणकोंबडी निघाली, मागे काळी कापसाच्या गोळ्यांसारखी पिल्लं. चार मोजली, पाचवं असावं. तिथून अर्ध्या मिनिटाच्या अंतरावर, वरून नव्याने वाहत आलेल्या पाल्याच्या एका तुकड्यावर कमळपक्षी उभा होता. काकांनी वल्हं थांबवलं. मी फोनवर यादी भरत होतो. त्यांनी विचारलं, तुझ्या त्या डब्याला पाण्याखालचं ऐकू येतं का? येत नाही, पण पाण्याखालचे मायक्रोफोन मिळतात, म्हटलं. ‘मग मरळ हाय का नाय ते तरी कळंल,’ म्हणाले, आणि तो मायक्रोफोन कितीला मिळतो ते विचारायला लागले.