पिछोल्याच्या काठी वरवंडकर

आमच्या वरवंडकडे लग्नानंतरचा प्रवास ठरलेला, जेजुरीचा. चौफुल्यावरून सुपे, मोरगाव करत गड गाठायचा, नवऱ्याने नवरीला उचलून पाच पायऱ्या चढायच्या आणि भंडाऱ्याने पिवळंधमक होऊन घरी यायचं. ज्या देवाने बानूपायी तिच्या वाड्यावर मेंढरं राखली, त्याच्या दारी जाऊन आल्यावर आणखी कुठला मधुचंद्र हवा? आम्हीही तेवढंच केलं. पुढे उसाच्या लागणी, गाईंच्या धारा आणि पोरांच्या शाळा यांत फिरायला जाणं राहूनच गेलं. मग एका हिवाळ्यात ऊस कारखान्याला गेला आणि थोरलीने आम्हाला न विचारताच तिकिटं काढली. धारा भावजयीने अंगावर घेतल्या आणि आम्ही दोघं वांद्र्याहून उदयपूरच्या गाडीत बसलो.

उदयपूर म्हणजे प्रेमिकांचं शहर, असं सगळे सांगतात. दिसतंही तसंच. घाटाघाटावर लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी, नवरीच्या घागऱ्याचा घेर उडवून देणारे मदतनीस, आणि समोर पिछोला तलावाच्या पाण्यात पांढराशुभ्र जगनिवास. 1746 साली पूर्ण झालेला हा महाराणा जगतसिंहांचा उन्हाळी महाल आता हॉटेल आहे. 1983 च्या एका बाँडपटात तो झळकला, तेव्हापासून त्याची कीर्ती जगभर गेली.

मी मात्र पाणीच पाहत होतो. वरवंडच्या माणसाची ती खोडच आहे. राणी व्हिक्टोरियाच्या नावाचा आमचा तलाव. त्यात किती पाणी उरलंय, खडकवासल्याचं आवर्तन कधी सुटणार, याची चौकशी गावात पाहुण्याच्या खुशालीआधी होते. नावेत बसल्यावर हिनेही नावाड्याला तेच विचारलं. तिच्या मराठीचं मी मोडकंतोडकं हिंदी केलं. तो म्हणाला, सिसारमा नदी भरते, शिवाय डोंगरापलीकडच्या देवास धरणांचं पाणी बोगद्यातून येतं. ही माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हंजी ह्यांचंबी आपल्यावानीच हाय की!"

तिथून पुढे शहर मला ओळखीचं वाटू लागलं. पिछोला कुणा राजाने राणीसाठी बांधला नाही. महाराणा लाखांच्या काळात धान्य वाहणाऱ्या एका बंजाऱ्याने तो बांधला, असं सांगतात. बैलांचे तांडे घेऊन हिंडणाऱ्याला पाण्याची किंमत राजापेक्षा जास्त कळत असणार. पुढे 1559 मध्ये उदयसिंहांनी इथे शहर वसवलं, तेही काही प्रेमाखातर नव्हे. चित्तोडचा किल्ला आता राजधानीला भरवशाचा राहिला नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. नऊ वर्षांनी चित्तोड अकबराच्या हाती गेलं आणि उदयपूर डोंगरांच्या आडोशाला उभं राहिलं. भीतीने जागा निवडली, पाण्याने ती टिकवली. प्रेमिक आले ते फार नंतर.

संध्याकाळी गणगौर घाटावरच्या बागोर की हवेलीत नाच पाहिला. एक बाई डोक्यावर मडक्यांची उतरंड चढवत गेली. प्रत्येक मडक्याला टाळ्या पडत होत्या. विहिरीवरून हंडे आणलेली ही तेवढी टाळी न वाजवता म्हणाली, "मान किती भरून येत आसंल."

ही हवेली बांधली मेवाडचे प्रधान अमरचंद बडवा यांनी. 1769 साली महादजी शिंद्यांनी उदयपुराला वेढा घातला, तेव्हा शहर लढवलं ते यांनीच. शेवटी साठ लाखांच्या वर रकमेवर तडजोड झाली आणि पुढे नीमच, जावदकडचा मुलूख गहाण पडला. त्याआधी 1736 मध्ये बाजीराव पेशवे इथे पाहुणे म्हणून आले, तेही वार्षिक खंडणी ठरवूनच गेले. महादजी म्हटलं की आमची छाती फुगते. त्या अंगणात बसल्यावर मात्र मी शेजारच्या राजस्थानी कुटुंबाशी जरा हळू आवाजात बोलू लागलो.

सिटी पॅलेसमध्ये इथल्या राजकन्येची, कृष्णकुमारीची, आठवण भेटते. तिच्या हातासाठी जयपूर आणि जोधपूर एकमेकांशी भिडले, शिंद्यांनी आणि पेंढारी अमीरखानाने त्यात आपापले डाव साधले, आणि 1810 मध्ये वाद मिटवायला त्या सोळा वर्षांच्या पोरीला विष दिलं गेलं. खिडकीबाहेर तेव्हाही हेच तळं चमकत असेल. सुंदर जागी माणसं सुखी असतातच असं नाही, हे या महालाइतकं कोणी स्पष्ट सांगितलेलं नाही.

आणि तरीही मला उदयपूर आवडलं, नुसतं देखणं असतं तर आवडलं नसतं इतकं. या शतकाच्या सुरुवातीच्या दुष्काळात पिछोला आटला होता. तोच महाल, तेच संगमरवर, पण भोवती भेगाळलेली जमीन. तिथे कोण कुणाचा हात धरणार? एरवी चांगल्या पावसात शहरातला दुसरा तलाव, फतेहसागर, भरून वाहू लागला की ते बघायला शहर लोटतं. प्रेमाचा सण म्हणायचा तर मला तो खरा वाटतो. आमच्याही संसारात गोडीचे दिवस आले ते असेच, कॅनॉलला पाणी आणि उसाला भाव असलेल्या वर्षी. बाकीच्या वर्षी आम्ही एकमेकांना नुसतं धरून राहिलो.

गावी आल्यावर बायका हिला विचारतात, उदयपूर कसं आहे? ही महालाचं सांगत नाही, नावेचं सांगत नाही. म्हणते, "पाऊस चांगला झालेल्या साली जा. तळी भरल्याली आसली तर जोडीनं जाण्यात मजा हाय."