खमरियाचा आवाज

युद्धाहून परतलेल्या जवानाचे दचकणे हे कानाचे दुखणे नसते. धोक्याची चाहूल लागताच शरीराला सज्ज करणारी मेंदूतली यंत्रणा आघाडीवर त्याचा जीव वाचवते, आणि घरी आल्यावरही ती जागीच राहते. रस्त्यावर टायर फुटला तरी छाती धडधडते आणि काही क्षण माणूस स्वतःच्या ओसरीवर नसतोच. रात्री तीच स्वप्ने पडतात, त्या दिवसांचा विषय निघाला की तो उठून जातो, लेकराच्या हसण्यानेही आत काही हलत नाही. पहिल्या महायुद्धात याला ‘शेल शॉक’ म्हणत. चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी १९१५ साली त्यावर लिहिले. महिन्याहून अधिक टिकणाऱ्या अशा लक्षणांना १९८० पासून मानसोपचारात ‘पीटीएसडी’ हे नाव आहे.

जबलपूरमध्ये मात्र धमाक्यांचा आवाज गावाच्या धंद्याचाच भाग आहे. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासूनची, खमरियाचा दारूगोळा कारखाना दुसऱ्या महायुद्धातला. खमरियाच्या लाँग प्रूफ रेंजवर तोफा आणि दारूगोळ्याच्या चाचण्या होतात. त्या धमाक्यांनी आसपासच्या लोकांच्या हातातला चहा हिंदकळत नाही. जवानही इथेच घडतात. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स यांची केंद्रे इथे आहेत, आणि सिग्नल्सच्या प्रशिक्षण केंद्रात साताऱ्या-सांगलीकडची पोरेही रंगरूट म्हणून येतात. फायरिंग रेंजवर पहिल्यांदा दचकणाऱ्या पोराचे दचकणे उस्ताद काही आठवड्यांत मोडून काढतात. प्रशिक्षणाअखेरच्या कसम परेडपर्यंत आवाज म्हणजे नुसते काम उरते.

१९९९ साली कारगिलमध्ये १८ ग्रेनेडियर्स टायगर हिलवर आणि १३ जम्मू-काश्मीर रायफल्स पॉइंट ४८७५ वर, अशा इथल्या पलटणी लढल्या. परमवीरचक्रांच्या कथा पाठ्यपुस्तकांत गेल्या, ते योग्यच झाले. पण त्याच उतारावर शेजारचा सोबती पडताना पाहून खाली आलेल्यांचे पुढे काय झाले, हे सहसा त्यांच्या घरच्यांनाच ठाऊक असते.

ते घर हळूहळू आपली रीत बदलते. झोपलेल्या नवऱ्याला हलवून उठवायचे नाही, पायथ्याशी उभे राहून नावाने हाक मारायची, हे बायको एकदोन झटापटींनंतर शिकते. मुले दार आपटत नाहीत. दिवाळीत फटाके शेजारच्या गल्लीत जाऊन उडवायचे ठरते. ‘पप्पांना आवडत नाही’ एवढेच कारण त्यांना दिलेले असते. कॅन्टीनची रम आधी झोपेसाठी, मग सवयीने. सगळे इतके गुपचूप बसवले जाते की आजार कुणाला दिसतच नाही, दिसतो तो फक्त तापट माणूस. घरच्यांच्या या सोसण्याचे कौतुक करण्याची पद्धत आहे, पण बऱ्याचदा त्याच सोसण्यापायी उपचार वर्षानुवर्षे लांबतात.

नोकरीत असताना बोलायचे तर वैद्यकीय श्रेणीची धास्ती असते. सैन्यात तंदुरुस्ती ‘शेप’ (SHAPE) या पाच इंग्रजी अक्षरांच्या मोजपट्टीवर ठरते आणि तिचे पहिलेच अक्षर मनाच्या आरोग्याचे आहे. तिथे घसरले की कोर्स, बढती, नेमणूक यांत अडचण येऊ शकते. म्हणून जवान पाठदुखी सांगतो, झोप सांगत नाही. वास्तविक उपाय आहेत. आघाताच्या आठवणीला तज्ज्ञांसमोर थोडेथोडे सामोरे जाण्याची मानसोपचार पद्धती बऱ्याच जणांना उपयोगी पडते, काहींना सोबत औषधे लागतात. निवृत्तांसाठी २००३ पासून ईसीएचएस या आरोग्य योजनेचे दवाखाने आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात सैनिकांसाठी टेलि-मानस या मदतवाहिनीचा वेगळा कक्ष सुरू झाला, तिथे फोनवर बोलता येते.

पेन्शनीनंतर गोष्ट कागदांवर येते, आणि ग्रेनेडियर्स, जम्मू-काश्मीर रायफल्स व सिग्नल्स या तिन्हींची अभिलेख कार्यालये जबलपूरलाच आहेत. अपंगत्व पेन्शनसाठी आजार सेवेमुळे जडला किंवा वाढला हे ठरावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सिग्नल्सच्याच एका शिपायाच्या दाव्यात सांगितले, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर पुढे तो सेवेमुळेच झाला असे धरावे. ते सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही. या निकालाचा आधार अनेकांना मिळाला. मात्र त्यासाठी सेवेत असताना कुठल्यातरी डॉक्टरने ‘झोप येत नाही’ एवढे तरी लिहून ठेवलेले असले तर बरे पडते, आणि पाठदुखीच सांगितलेल्या जवानाच्या फाइलमध्ये पाठदुखीच असते.