विमान रद्द होतं, दहावं पुढे ढकलता येत नाही

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. गावात बऱ्याच जणांनी विचारलं, "बंगलोरहून निडीला यायला तीन दिवस कसे लागले?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो.

27 नोव्हेंबर 2025 ला आमचे काका वारले. वडील लवकर गेल्यावर त्यांनीच मला शिकवलं, उभं केलं. त्या वेळी बायको बंगलोरला हॉस्पिटलात होती, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. त्यामुळे अंत्यविधीला येता आलं नाही. निदान दहाव्याला तरी हजर राहायचंच, असं ठरवलं होतं. दहावं शनिवारी, 6 डिसेंबरला. बायकोला घरी आणलं, मेव्हणी सोबतीला आली आणि मी 3 तारखेच्या संध्याकाळचं मुंबईचं तिकीट काढलं. म्हणजे चांगले दोन-अडीच दिवस हाताशी होते.

3 तारखेला विमान आधी दोन तास उशिरा, मग चार तास उशिरा, आणि रात्री रद्द. 4 तारखेचं दुसरं दिलं, तेही रद्द. 5 तारखेच्या पहाटेचं दिलं, ते तर घरून निघायच्या आधीच मेसेजवर रद्द. विमानतळावर माणसं जमिनीवर झोपलेली. माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, त्यांची बीपीची औषधं आत दिलेल्या बॅगेत आणि बॅग कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही. काउंटरवरची पोरगी रडवेली झाली होती. लोक तिच्यावरच ओरडत होते. तिच्या हातात काय होतं सांगा?

आता कारण. बरेच जण म्हणतात, पायलटांना जास्त विश्रांती दिली म्हणून हे झालं. ते अर्धसत्य आहे. पायलटांची आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तास झाली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा 6 वरून 2 वर आली. पण हे नियम जानेवारी 2024 मध्येच जाहीर झाले होते. शेवटी दोन टप्पे ठरले, 1 जुलै आणि 1 नोव्हेंबर 2025. म्हणजे तयारीला दीड वर्षाहून जास्त वेळ होता. आपल्याकडे रात्रभर जागलेल्या ड्रायव्हरच्या गाडीत आपण पोरांना बसवत नाही. मग दीडशे-दोनशे माणसं घेऊन उडणाऱ्याने झोपेत उडवावं का? दोष विश्रांतीचा नाही. माणसं न वाढवता वेळापत्रक भरगच्च ठेवणाऱ्यांचा आहे, आणि ते वेळेत न तपासणाऱ्यांचाही. 5 डिसेंबरला एका दिवसात देशभरात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. मग काय, नियमांनाच तात्पुरती सूट दिली!

दुसऱ्या विमानाचं तिकीट बघितलं. एरवी पाच-सहा हजारांचं, त्या दिवशी तीस हजारांच्या पुढे. सरकारने भाड्याला मर्यादा घातली ती 6 तारखेला. 500 किमीपर्यंत 7,500, 1000 किमीपर्यंत 12,000, 1500 किमीपर्यंत 15,000 आणि त्यापुढे 18,000 रुपये. निर्णय चांगला, पण तोवर लोकांचे खिसे कापून झाले होते.

रेल्वेने 37 गाड्यांना 116 जादा डबे जोडले, हे मान्य करायलाच हवं. मला मात्र मुंबईकडे जागा मिळाली नाही. शेवटी 5 तारखेला दुपारी चारला खाजगी बस पकडली. मागची सीट, पाय पसरायला जागा नाही. हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, पुणे करत शनिवारी साडेअकराला कळंबोलीला उतरलो. तिथून रिक्षाने पनवेल स्टँड. मेमूला अजून बराच वेळ होता, म्हणून समोर लागलेली एसटी धरली, नागोठण्याला उतरलो आणि तिथून सहा सीटरने गाव. घरी पोचलो तेव्हा सव्वादोन वाजले होते. माणसं नदीवरून येऊन जेवून उठली होती.

चुलत भावाने सांगितलं, पिंडाला कावळा शिवतच नव्हता. तासभर सगळे उन्हात उभे. मग काकी पुढे झाली आणि म्हणाली, "पोरगा निघालाय, बसमध्ये आहे, येतोय." त्यानंतर शिवला म्हणे. खरं-खोटं देव जाणे. पण मी तिथे असायला हवा होतो.

तिकिटाचे पैसे पुढे परत आले. त्या सकाळचं काय करायचं?

आता कामाचं. विमान रद्द झालं तर पूर्ण पैसे परत किंवा दुसरं विमान, हा तुमचा हक्क आहे, मेहरबानी नाही. थांबवून ठेवलं तर ठरलेल्या वेळेनंतर खाणंपिणं द्यावं लागतं. आयत्या वेळी रद्द केलं आणि कारण कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल, तर प्रवासाच्या वेळेनुसार 5 ते 10 हजारांपर्यंत भरपाईचा नियम आहे. तिकिटाचं मूळ भाडं आणि इंधन आकार मिळून त्याहून कमी होत असेल, तर तेवढीच मिळते. तक्रार एअरसेवावर करा किंवा ग्राहक हेल्पलाइन 1915 वर. मेसेज, पावत्या, जेवणाची बिलं जपून ठेवा.

आणि एक आपल्या भागाचं. 25 डिसेंबरपासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं सुरू झाली. पनवेलपासून अगदी जवळ. पेण-रोह्याच्या माणसाला आनंदच आहे. पण आपल्या निडी स्टेशनवर एक्सप्रेस थांबत नाही, मेमू हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि पळस्पे ते इंदापूर रस्त्याचं काम 2011 पासून आपण बघतोय. विमानतळ दाराशी आला, पण रात्री तिथे उतरलेल्या माणसाने कासू, नागोठणे, निडीला यायचं कसं? विमानतळ ते पनवेल स्टेशन बस आणि रात्री रोह्याकडे आणखी एक मेमू, एवढी तरी मागणी आपण सगळ्यांनी मिळून करायला हवी. त्या तीन दिवसांत मला घरी आणलं ते शेवटी बस, एसटी आणि सहा सीटरनेच.

ग्रामपंचायतीमार्फत निवेदन द्यायचं ठरतंय. सही करायची असेल त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा.