आमची कोरियन बाराखडी

आमच्या सदाशिव पेठेंतील घरीं येणाऱ्या स्नेह्यांस अलीकडे एक गोष्ट चमत्कारिक वाटते. देवघराशेजारीं जेथें पंचांग टांगलेलें असतें, त्याच्या खालींच एक पाठकोरा कागद लाविलेला असून त्यावर वर्तुळें, चौकोन आणि आडव्या-उभ्या रेघा काढलेल्या आहेत. 'हें कसलें यंत्र?' असें एका वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस गंभीरपणें विचारिलें. तें यंत्र नव्हे, तीं कोरियन भाषेचीं मुळाक्षरें आहेत, आणि सत्तरी ओलांडल्यावर आम्हीं तीं गिरवावयास घेतलीं आहेत, असें सांगतांच ते हंसले. गोष्ट हंसण्यासारखीच आहे. परंतु ती कशी घडली हें सांगतांना आम्हांस आमची एक चूकही सांगावी लागणार आहे, आणि ती वाचकांपासून लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

कोरिया हा देश आमच्या लहानपणीं आम्हांस एकाच कारणानें ठाऊक होता. १९५३ सालीं तेथील युद्ध थांबल्यावर, मायदेशीं परतण्यास राजी नसलेल्या युद्धकैद्यांची देखरेख करण्यासाठीं हिंदुस्थानचें जें सैन्य गेलें, त्याचे प्रमुख मेजर जनरल थोरात हे मराठी सेनानी होते. आमचे वडील ही हकीकत मोठ्या अभिमानानें सांगत. पुढें रांजणगांवास एल. जी. कंपनीचा कारखाना आला, आणि २०२३ सालीं ह्युंदाई कंपनीनें तळेगांवचा मोटारींचा जुना कारखाना घेण्याचा करार केला. पुण्यांतील तरुणांस ही भाषा पोटापाण्याची वाटूं लागली. आमच्या चिरंजीवांनीं ती नोकरीनिमित्त त्याआधींच शिकून घेतली होती. ते सेऊलच्या दक्षिणेस असलेल्या सुवॉन शहरीं गेले, आणि तेथून एके दिवशीं 'मी येथील एका मुलीशीं विवाह करूं इच्छितों' असें त्यांचें पत्र आलें.

आम्हीं उत्तर पाठविलें नाहीं. विवाहास गेलों नाहीं. दीड वर्ष आम्ही मुलाशीं बोललों नाहीं. आमचें कुटुंब मात्र दुपारीं, आम्ही वामकुक्षी करीत असतां, गच्चीवर जाऊन त्याच्याशीं बोलत असे. हें आम्हांस ठाऊक होतें, आणि ठाऊक नसल्याचें सोंग आम्हीं उत्तम वठविलें.

नात झाली तेव्हां आमचा हट्ट थोडा ढिला पडला. रविवारीं भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मुखदर्शन होऊं लागलें. आम्ही दोन वाक्यें बोलत असूं आणि यंत्र कुटुंबाच्या हातीं देत असूं. एका रविवारीं ती चार वर्षांची पोर एकटीच पडद्यासमोर आली आणि आम्हांस पाहून कांहीं तरी म्हणाली. आम्हांस कळलें नाहीं. तिनें तेंच पुन्हां म्हटलें, तिसऱ्यांदां जरा मोठ्यानें म्हटलें. आम्ही नुसतेच मान हालवीत बसलों. मग तिनें तोंड फिरविलें आणि ती निघून गेली. 'ती काय म्हणत होती?' असें आम्हीं चिरंजीवांस विचारिलें. ते क्षणभर थांबून म्हणाले, 'हाराबोजी. म्हणजे आजोबा.'

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. नातीनें तीन वेळां हांक मारिली आणि आम्हीं ओ दिली नाहीं.

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या महाविद्यालयांत जाते. कोरियन मालिका पाहात बसण्याबद्दल आम्हीं तिला अनेकदां बोललों होतों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीच तिच्यासमोर पाटी घेऊन बसलों. तिनें मागचें कांहीं उकरून काढिलें नाहीं, हा तिचा मोठेपणा. 'काका, व्याकरणाचें पुस्तक बाजूला ठेवा,' ती म्हणाली, 'घरांत दिवसभर जें घडतें तेवढेंच बोलायचें.' त्याप्रमाणें चहाच्या वेळीं चहाचीं वाक्यें, मंडईंतून आल्यावर भाजीच्या भावाचीं, संध्याकाळीं फिरावयास निघतांना निघण्याचीं, असा आमचा अभ्यासक्रम ठरला.

लिपि मात्र पाटीवरच शिकावी लागली. सामान्य माणसास चिनी अक्षरें शिकण्यास सवड नसते, म्हणून सेजोंग राजानें ती १४४३ सालीं सिद्ध केली आणि १४४६ सालीं प्रजेस दिली. आज तींत चौदा व्यंजनें आणि दहा स्वर मूळ धरितात. आपली वर्णमाला कंठ्य, तालव्य, मूर्धन्य अशी उच्चारस्थानांनीं मांडलेली आहे. तेथें उच्चारस्थानाचें चित्रच अक्षर झालें आहे. म-काराचा चौकोन म्हणजे मुख, स-काराचें टोंक म्हणजे दांत, न-काराचा कोन म्हणजे वर उचललेली जिव्हा. हें समजल्यावर अक्षरें चार दिवसांत आलीं.

वाक्यरचना तर घरचीच निघाली. कर्ता आधीं, कर्म मध्यें, क्रियापद शेवटीं, आणि प्रत्यय नामाच्या शेवटास चिकटलेले. इंग्रजी शिकतांना जें वाक्य उलटें करावें लागलें होतें, तें येथें सरळच राहिलें. उच्चारांत मात्र गाडी अडली. क आणि ख आपण जाणतों. त्यांच्याकडे या दोहोंबरोबर गळा आवळून काढलेला एक तिसरा क आहे, आणि तो आमच्या कवळीस अद्याप साधलेला नाहीं. भाताला तिकडे 'बाप' म्हणतात, बापाला 'आप्पा' म्हणतात, आणि पाण्याला 'मुल'. 'मुल चुसेयो' म्हणजे 'पाणी द्या'. आम्हीं हें वाक्य घोकीत असतां आमच्या नव्वदीच्या मातोश्री आंतून म्हणाल्या, 'या वयांत मूल कसलें मागतोस रे?'

'बाप मॉगॉस्सॉयो?' म्हणजे 'जेवलांत का?' पुणेकराच्या तोंडून हा प्रश्न निघाल्यास ऐकणारा थोडा सावध होतो. कोरियांत तो निव्वळ आपुलकीचा नमस्कार आहे. तेथें कोणी भेटल्यावर लवकरच वय विचारतात, कारण कोण वडील हें कळल्यावांचून क्रियापदाचा शेवट कसा करावा हें ठरत नाहीं. वडील माणसांचें जेवण 'बाप' राहात नाहीं, तें 'जिंजी' होतें. त्यांचें नांव, वय, घर, निद्रा या सर्वांस निराळे शब्द आहेत. मावशी ती 'इमो' आणि आत्या ती 'कोमो'. इंग्रजीनें या दोघींस एकाच शब्दांत कोंबिलें आहे. खाणावळींत वाढणाऱ्या बाईसही तेथें 'इमो' म्हणून हांक मारितात, जशी आपण कामास येणाऱ्या बाईंस 'मावशी' म्हणून मारितों. व्याह्यांसाठीं 'सादोन' असा स्वतंत्र शब्द आहे, हें ऐकून तर आमच्या कुटुंबानें समाधानाचा निःश्वास सोडिला.

गेल्या दिवाळींत चिरंजीव सहकुटुंब आले, आणि त्यांजबरोबर विहीणबाईही आल्या. पहिल्याच पंक्तीस आमच्या भावजयीनें पुरणपोळीचें ताट पुढें करून 'आणखी एक?' असें खुणेनें विचारिलें. विहीणबाई हंसून म्हणाल्या, 'ने, ने.' भावजय बिचारी ताट घेऊन परत फिरली. विहीणबाई रिकाम्या पानाकडे पाहात राहिल्या. आम्ही घाईनें ओरडलों, 'अहो, त्या हो म्हणताहेत!' कोरियनमध्यें 'ने' म्हणजे 'होय'. आमच्या विद्येचा घरास झालेला हा पहिला उपयोग. शब्दारंभीचा हा न-कार त्यांच्या तोंडून कधीं कधीं द-कारासारखा ऐकूं येतो. त्यामुळें दुसऱ्या वेळीं भावजयीस 'दे' असें ऐकूं आलें, आणि तिनें दोन पोळ्या वाढिल्या.

मग आम्हीं यजमानाच्या रीतीनें म्हटलें, 'छॉन्छॉनी तुसेयो.' विहीणबाईंनीं हात थांबविला. आमच्या घरचें हें वाक्य यांना कोणी शिकविलें, असें त्यांनीं मुलीस विचारिलें. शब्द पुतणीनें शिकविले होते हें खरें. परंतु त्याचा अर्थ 'सावकाश होऊं द्या' असा आहे, आणि तो आम्हीं आमच्या आजोबांच्या तोंडून प्रत्येक पंक्तीस ऐकिलेला होता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मातोश्री तीर्थ देऊं लागल्या, तेव्हां विहीणबाईंनीं कोणीं न सांगतां उजवा हात पुढें करून त्यास डाव्या हाताचा आधार दिला. वडिलांकडून कांहींही घ्यावयाचें तें त्यांच्याकडे असेंच घेतात. किमचींत एरवीं मासळीचा अंश असतो. आमच्या ओट्यावर त्यांनीं ती त्यावांचून केली, आणि मातोश्रींनीं लोणच्याच्या बरणीशेजारीं तिला जागा दिली.

परंतु एक गोष्ट राहिली होती. विवाहास न गेल्याबद्दल आम्हांस विहीणबाईंची क्षमा मागावयाची होती, आणि ती चिरंजीवांच्या मध्यस्थीवांचून मागावयाची होती. पुतणीनें वाक्य लिहून दिलें. त्या भाषेंत नकार दोन प्रकारचा आहे. क्रियापदाआधीं 'मोत' लाविल्यास 'करतां आलें नाहीं' असा अर्थ होतो. 'आन' लाविल्यास 'केलें नाहीं' असा होतो. पुतणीनें समंजसपणें 'मोत' लिहिलें होतें. येतां आलें नाहीं, असें म्हणणें शिष्टाचारास धरून होतें, आणि कोणींही तें खरें खोटें करण्यास बसलें नसतें. आम्हीं तो कागद दोन दिवस खिशांत बाळगिला. येतां येत होतें. पासपोर्ट होता, पैसे होते, कुटुंबानें पेटी भरावयासही घेतली होती. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं विहीणबाई व सूनबाई बसल्या असतां आम्हीं हात जोडिले, आणि 'आन' लावून तें वाक्य म्हटलें. मागून वडीलधाऱ्यांपुढें वापरावयाचा क्षमेचा शब्दही म्हटला, कारण विहीणबाई आमच्याहून तीन वर्षांनीं वडील आहेत.

सूनबाईंनीं मान खालीं घातली. चिरंजीव दारांत उभे होते, ते आंत आले नाहींत. विहीणबाई कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग 'केन्छानायो', म्हणजे 'असूं द्या', असें म्हणून त्यांनीं नातीस जवळ घेतलें, तिला आमच्याकडे किंचित् ढकलिलें, आणि म्हणाल्या, 'उरी सोन्न्यो.' सोन्न्यो म्हणजे नात. ऐकणारास वगळून 'आमची' म्हणावयाचें तर त्यांच्याकडे 'चोही' असा नम्र शब्द आहे. तो त्यांनीं वापरिला नाहीं. 'उरी' मध्यें ऐकणाराही येऊं शकतो. आम्ही मराठी माणसें. 'आम्ही' आणि 'आपण' यांतला भेद आम्हांस कोणीं समजावून द्यावा लागत नाहीं.

दीड वर्षाचें मौन एका वाक्यानें भरून निघालें, असें आम्ही म्हणत नाहीं. चिरंजीव आमच्याशीं अद्यापही जपूनच बोलतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. कागद मात्र भिंतीवर तसाच आहे. सूनबाई तिकडे मराठी शिकूं लागल्या आहेत. सव्वा, दीड आणि अडीच यांनीं त्यांस रडकुंडीस आणिलें आहे. आम्हीं त्यांस धीर देतों, कारण त्यांच्याकडे तास एका जातीच्या आंकड्यांनीं आणि मिनिटें दुसऱ्या जातीच्या आंकड्यांनीं मोजतात, आणि त्या पायीं आम्हीं किती वेळां चुकीच्या वेळीं उठलों हें आम्हांसच ठाऊक.

निरोपाच्या दिवशीं लोहगांवच्या विमानतळावर शेवटची परीक्षा झाली. राहणारानें जाणारास 'आन्न्यॉंगही कासेयो', सुखानें जा, असें म्हणावयाचें. जाणारानें राहणारास 'आन्न्यॉंगही केसेयो', सुखानें राहा, असें म्हणावयाचें. गडबडींत आम्हीं जाणाऱ्या मंडळींस 'केसेयो' म्हटलें. नात थबकली, मागें वळली आणि दारांतून ओरडली, 'हाराबोजी! कासेयो!'

या वेळीं आम्हीं पहिल्याच हांकेस ओ दिली.