सही करण्याआधी



गेल्या वर्षी पर्युषणाच्या थोडं आधी माझा धाकटा भाऊ विसरवाडीला आला. आमचं घर धुळे-सुरत रस्त्यालगत, त्यामुळे माहेरची माणसं जाता-येता चहाला थांबतातच. त्या दिवशी मिठाईच्या पुड्याबरोबर एक कागदही होता.

"ताई, हक्कसोडपत्र आहे. सोमवारी रजिस्ट्रार ऑफिसला यायचं. तू एवढी धर्म करणारी, तुला कशाला मोह?"

मी बी.कॉम. झालेली. वाचल्याशिवाय सही करायची नाही, एवढं तरी कॉलेजने शिकवलं. वाचलं तर एक ओळ होती : आम्हा दोघी बहिणींना लग्नात सोन्याच्या रूपाने हिस्सा पूर्ण मिळाला आहे. लग्नातलं सोनं वडिलांनी हौसेने दिलेलं. हिस्सा म्हणून ते कधी कोणी मोजलं नव्हतं.

कायद्याचं थोडं सांगते. पुष्कळ जणींना वाटतं, हिंदू वारसा कायदा आपल्याला लागू नाही. १९५६ चा तो कायदा जैनांनाही लागू आहे. १९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या माझ्यासारख्या वगळल्या गेल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २००५ मध्ये वडील हयात नसले तरी हा हक्क आहेच, तो जन्मापासूनचा. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी मात्र उकरता येत नाही. आमच्या आजोबांच्या दुकानाची वाटणी कधी झालीच नव्हती.

त्या रात्री झोप लागली नाही. खरंच मला मोह सुटला का? अपरिग्रहाचं व्रत घेतलेली बाई मी. पण संध्याकाळच्या प्रतिक्रमणात दुसऱ्या व्रताचे अतिचार म्हटले होते, त्यात खोटा लेख करणे हाही एक. इतकी वर्षं तोंडपाठ म्हणत आले, आणि तोच लेख सहीसाठी माझ्यासमोर आला होता. मिळालंच नाही ते मिळालं म्हणून लिहिणं हा त्याग कसा? जमाखात्यात रक्कम आधी दिसावी लागते, मगच ती दानाला लिहिता येते.

आणि धाकटी बहीण? तिचे यजमान गेले, ती भाड्याच्या खोलीत राहते. माझ्या सहीमागे तिचीही सही झाली असती.

सकाळी भावाला म्हटलं, "माझा हिस्सा मी सोडते, पण ती ओळ काढ. आणि धाकटीचा हिस्सा तिला दे." तो चहा अर्धा टाकून उठला. संवत्सरीला मी फोन केला, त्याने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी पारण्याचा घास गोड लागला नाही.

यंदा संवत्सरीला फोन त्याचाच आला. "मिच्छामि दुक्कडं, ताई." मग थोडा वेळ गप्प. "कागद नव्याने करतो. धाकटीला विचारून."

कागद अजून झालेला नाही. भाऊ वाईट नाही. दुकान चालवता चालवता ते आपल्या एकट्याचंच वाटू लागतं, कुणालाही वाटेल.

हिस्सा घ्यावा की सोडावा, हे प्रत्येकीने आपल्या मनाला विचारावं. पण कागद आला तर दोन दिवस मागून घ्या. एक वाचायला, एक सामायिकात बसायला.